पात्रतेचे खापर : सावकारी परवाना, गहाण आणि जुन्या वस्तूंचा व्यापार

'पात्र' या शब्दाला मराठीत निदान तीन अर्थ आहेत. भांडे हा एक, नाटका-कादंबरीतील व्यक्ती हा दुसरा आणि लायक हा तिसरा. साहित्याचे अध्यापन करणारे आम्ही दुसऱ्या अर्थात रमतो. कायदा तिसऱ्या अर्थाने बोलतो. गहाणाच्या दुकानात मात्र पहिल्या अर्थापासून सुरुवात होते, कारण तेथे येते ते भांडे. निदान अनेक पिढ्या तेच येत असे. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेऊन पैसे देणारा आणि दुसऱ्याची जुनी वस्तू विकत घेणारा, या दोघांनी हा धंदा करण्यास 'पात्र' असावे म्हणजे नेमके कसे असावे, हा प्रश्न आपल्याकडच्या कायद्याने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत कसा विचारला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. हा मागोवा आम्ही नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा हे गाव डोळ्यांसमोर ठेवून घेत आहोत. शेती, कोळसा आणि वीज या तिन्हींची ये-जा असलेल्या अशा गावात कायद्याची भाषा आणि व्यवहाराची भाषा यांतील अंतर चटकन दिसते.

आरंभीच शब्दांकडे पाहू. 'सावकार' हा शब्द 'साहुकार' आणि त्यामागील 'साधु' या शब्दांशी जोडला जातो. म्हणजे पत असलेला, शब्दाला जागणारा भला माणूस, ही या शब्दाची मूळ प्रतिज्ञा. पुढे या शब्दाला जे दिवस आले ते आपण जाणतोच. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिला तेव्हा शेतकऱ्याला नागवणाऱ्यांच्या यादीत सावकार ठळकपणे उभा होता. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' हा मूकपट 1925 साली आला तोपर्यंत 'सावकारी' या विशेषणाला 'पाश' हेच नाम शोभू लागले होते. साधुत्वाची खूण असलेला शब्द शिवीच्या जवळ जाऊन बसला. कायद्याला मात्र शिवी देऊन भागत नाही. त्याला व्याख्या करावी लागते, अट घालावी लागते आणि ती अट कागदावर तपासता यावी लागते. साहित्याने सावकाराची परीक्षा त्याच्या मनोवृत्तीवरून घेतली. कायद्याने ती त्याच्या नोंदींवरून घेतली. या दोन परीक्षांमधील तफावत हाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

रोख्यापासून परवान्यापर्यंत

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो आसपासच्या व अहमदनगर जिल्ह्यातील गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी वारंवार सांगितले आहे. लोकांचा राग सावकाराच्या देहापेक्षा त्याच्या कागदावर अधिक होता. कर्जरोखे मिळवून जाळणे हे त्यांचे मुख्य लक्ष्य होते. या उठावाच्या चौकशीनंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या कायद्याचे लक्ष व्यवहारावर होते. कर्ज देणारा कोण, तो धंदा करण्यास लायक आहे काय, हा प्रश्न त्याने विचारला नाही. पैसा ज्याच्याजवळ आहे तो सावकार, एवढीच पात्रता तेव्हा गृहीत होती.

विदर्भाची वाट वेगळी होती. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले तेव्हा या प्रांताने 1933 साली कर्ज तडजोड कायदा केला आणि 1934 साली सावकारांसंबंधी कायदा केला. या दुसऱ्या कायद्याचा रोख हिशेबावर होता. सावकाराने प्रत्येक ऋणकोचे खाते नीट ठेवावे आणि त्याचा उतारा ऋणकोला वेळोवेळी द्यावा, अशी सक्ती आली. पुढील दुरुस्तीने नोंदणी आली. नोंदणीचे प्रमाणपत्र नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा दिवाणी न्यायालयात पुढे चालणार नाही, असे ठरले. आज खापरखेडा ज्या सावनेर तालुक्यात आहे तो भाग याच कायद्याखाली होता.

मुंबई प्रांताने 1946 साली याहून कडक पाऊल उचलले. त्या वर्षीच्या मुंबई सावकार कायद्याने नोंदणीच्या जागी परवाना आणला. हा कायदा 1956 नंतर, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर, यथावकाश इकडेही लागू झाला. नोंदणी आणि परवाना यांत वरवर फारसा फरक वाटत नाही, परंतु तो मूलगामी आहे. नोंदणी विचारते, 'तुम्ही कोण?' परवाना विचारतो, 'तुम्ही लायक आहात काय?' शिवाय मध्यप्रांताच्या कायद्यात दावा चालवताना प्रमाणपत्र हातात आहे किंवा नाही, हे पाहिले जाई. मुंबईच्या कायद्याने काटा मागे नेला. कर्ज दिले त्या दिवशी परवाना होता काय, हे न्यायालयाने पाहावे. नसल्यास हुकूमनामा देऊ नये, असे ठरले. याच कायद्याने 'सावकार' या व्याख्येत वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या पॉनब्रोकरलाही ओढून घेतले. मद्रास प्रांताने 1943 साली पॉनब्रोकरांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. इंग्लंडात तर 1872 च्या कायद्यापासून अशा धंद्यासाठी चांगल्या वर्तणुकीचे प्रमाणपत्र लागत असे. आपल्याकडे गहाणाचा दुकानदार स्वतंत्र ओळख न मिळता सावकाराच्या मोठ्या छत्रीखाली उभा राहिला. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानेही हीच रचना ठेवली.

नकाराची भाषा

परवाना कोणाला द्यावा, हे कायदा सांगत नाही. कोणाला नाकारावा, एवढेच सांगतो. 1946 च्या कायद्यातील नकाराची कारणे साध्या शब्दांत अशी. अर्जदार किंवा त्याचा धंदा सांभाळणारा माणूस परवाना धारण करण्यास अपात्र ठरलेला असणे; अर्जाच्या अटी पाळलेल्या नसणे; कायद्याचा जाणूनबुजून भंग केलेला असणे; सावकारीच्या धंद्यात लबाडी केल्याचा किंवा तिला साथ दिल्याचा पुरावा असणे; आणि भारतीय दंड संहितेच्या सतराव्या प्रकरणातील, किंवा खोटे दस्तऐवज व हिशेब यांसंबंधीच्या काही कलमांखालील गुन्ह्यात दोषी ठरलेला असणे.

सतरावे प्रकरण म्हणजे मालमत्तेविरुद्धचे गुन्हे. चोरी, खंडणी, दरोडा, अपहार, फसवणूक आणि चोरीचा माल स्वीकारणे, हे सारे त्यात येत असे. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि कलमांचे आकडे बदलले. अपराधांचे हे कूळ मात्र तेच राहिले. आता या यादीत काय नाही, ते पाहावे. खून नाही, मारहाण नाही. कर्जदाराच्या दारात जाऊन त्याचा अपमान करणारा किंवा त्याच्या अंगावर हात टाकणारा माणूस या यादीने आपोआप अपात्र ठरत नाही. वसुलीसाठी ऋणकोचा छळ करणे हा सावकारी कायद्यात वेगळा अपराध आहे. परवान्याच्या दारावरील या यादीत तो स्वतंत्रपणे लिहिलेला नाही. कायद्याला सावकारात भीती वाटते ती अप्रामाणिकपणाची, क्रौर्याची नव्हे. 'साधु' या शब्दातील अर्धाच अर्थ, हिशेबातील सचोटी, परवान्यात उतरला. दुसरा अर्धा, दयाबुद्धी, साहित्याच्या वाट्याला राहिला. आपल्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांतील सावकार बहुधा हिशेबात चुकत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे ही तफावत अधिक बोचते. त्याचे खाते चोख असते आणि तरीही घर उजाड होते. अशा सावकाराला परवाना नाकारण्यासाठी कायद्याकडे शब्द नाही.

अर्थात कायद्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दयाबुद्धी तपासण्याचा अधिकार सहायक निबंधकाला दिला असता तर परवाना मर्जीचा विषय झाला असता. शिक्षा झाली आहे किंवा नाही, हे कागदावर दिसते. माणूस भला आहे किंवा नाही, हे दिसत नाही. म्हणून कायद्याने पात्रता मोजण्याऐवजी अपात्रता मोजली. ही त्याची मर्यादा आहे आणि शहाणपणही आहे.

गहाणाला न्यायालय लागत नाही

विनापरवाना सावकाराला न्यायालयाचे दार बंद करणे, ही या सर्व कायद्यांची मुख्य धार होती. ही धार कोणाला लागते? ज्याला वसुलीसाठी दावा लावावा लागतो, त्याला. शेतजमिनीवर किंवा नुसत्या सहीवर पैसे देणाऱ्याला ती लागते. ज्याच्या कपाटात आधीच मंगळसूत्र, पाटल्या किंवा पितळी घागर आहे, त्याला न्यायालयाची गरजच काय? गहाण हा न्यायालयाविना पुरा होणारा करार आहे. 1872 च्या करार कायद्याने गहाण घेणाऱ्याला वाजवी नोटीस देऊन वस्तू विकण्याचा हक्क दिला आहे, आणि प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ती सोडवून नेण्याचा हक्क गहाण ठेवणाऱ्याला दिला आहे. कागदावर तोल बरोबर आहे. व्यवहारात वस्तू एकाच्या कपाटात असते आणि हक्क दुसऱ्याच्या मनात असतो.

या ठिकाणी दिवाणी प्रक्रिया संहितेतील एक तरतूद आठवावी. 1908 च्या या संहितेच्या कलम 60 प्रमाणे, हुकूमनामा झाला तरी काही वस्तूंवर जप्ती आणता येत नाही. ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, तसेच कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, गुरे आणि बियाणे यांना संरक्षण आहे. वाचकांनी ही यादी सावकाश वाचावी. गरीब घरातून गहाण पडणाऱ्या वस्तूंची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे. बेलिफाने ज्या भांड्याला हात लावू नये असे कायदा म्हणतो, तेच भांडे घरची बाई पदराखाली झाकून स्वतः दुकानात नेते, आणि तेथे कायदा बाजूला होतो, कारण तो तिच्या खुषीचा व्यवहार मानला जातो. जप्ती निषिद्ध आणि गहाण मोकळे, या दोहोंच्या मधल्या फटीत गरिबाचा संसार उभा आहे.

ही फट बुजवण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. गहाण वस्तूची पावती दिल्याशिवाय ती घेऊ नये, पावतीवर वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत आणि दिलेली रक्कम असावी, ही अट मुंबईच्या कायद्यात आली. 1975 साली कर्जमुक्तीचा अध्यादेश निघाला आणि त्याच्या जागी 1976 साली महाराष्ट्र कर्जमुक्ती अधिनियम झाला. अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर, मजूर आणि कामगार यांची कर्जे त्याने रद्द केली आणि गहाण पडलेल्या वस्तू परत देण्यास सांगितले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिंमतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1977 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला आणि तो कायदा वैध ठरला. व्यापाराच्या मुक्ततेचे घटनात्मक संरक्षण अशा सावकारीला मिळावे, हा युक्तिवाद टिकला नाही. विनापरवाना सावकाराकडे सापडलेली गहाण वस्तू ती ठेवणाऱ्याला परत देण्याचा अधिकारही आता निबंधकाला आहे. तथापि वस्तू कोणाची, हे सिद्ध व्हायला चिठ्ठी लागते आणि विनापरवाना दुकानात चिठ्ठी मिळत नाही. सोने वितळले की ओळखही वितळते.

जुन्या वस्तूंचा व्यापारी आणि पोलिसांचा कायदा

गहाणदाराला कायद्याने सावकारांच्या रांगेत बसवले. जुन्या वस्तू घेणाऱ्याला त्याने कोठे बसवले? पोलिसांच्या शेजारी. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यात, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, कलम 126 पॉनब्रोकर, जुन्या वस्तूंचा व्यापारी आणि धातुकाम करणारा या तिघांना एका ओळीत उभे करते. चोरीस गेलेल्या मालाचे वर्णन पोलिसांनी लेखी कळवले असेल आणि त्या वर्णनाची वस्तू या तिघांपैकी कोणाकडे विक्रीस, गहाण, अदलाबदलीस किंवा दुरुस्तीस आली, तर त्याने ती कोणी आणली त्याच्या नाव-पत्त्यासह ताबडतोब कळवावी. न कळवल्यास तो अपराध. पुढचेच कलम असा माल वितळवण्यासंबंधी आहे.

कलम 126 मध्ये एक सवलत आहे आणि ती आम्हाला फार बोलकी वाटते. नेहमीच्या वापरातील कपड्यासारखी, वर्णनावरून ओळखता न येणारी वस्तू असेल आणि ती लपवलेली नसेल, तर न कळवल्याचा दोष लागत नाही. म्हणजे सामान्य माणसाच्या वस्तू एकमेकींसारख्या असतात, त्यांना चेहरा नसतो, असे कायद्याने मान्य केले. आपल्या लोकांनी मात्र यावर आपला उपाय कधीच काढला होता. भांड्यांवर नाव घालणे. लग्नात दिलेल्या तांब्या-ताटांवर देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरून घेण्याची आपली चाल प्रेमाची आहेच, ती मालकीच्या पुराव्याचीही आहे. पावती हरवते, भांड्यावरचे नाव राहते. जुन्या बाजारात परक्याचे नाव कोरलेले ताट दिसते तेव्हा एखादा संसार कोणत्या तरी दुकानातून परत फिरला नाही, एवढे तरी समजते.

घेणाऱ्याची ही बाजू झाली. विकणाऱ्याकडे कायदा कसा पाहत होता? 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच चोर ठरवले. त्यांची नावनिशीवार नोंद होई, हजेरी होई, हालचालींवर बंधने येत. तो कायदा 1952 साली रद्द झाला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 1987 च्या 'उचल्या' या आत्मकथनाने या शिक्क्याखालचे जिणे मराठी वाचकांपुढे ठेवले. दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीत माणसाला त्याच्या जातीवरून अपात्र ठरवले, त्याने काही केले असो वा नसो. दुसरीत माणसाला न्यायालयाने दोषी ठरवेपर्यंत पात्र मानले. विकणाऱ्याला जन्माची अपात्रता आणि घेणाऱ्याला शिक्षा होईपर्यंतची पात्रता, असा हा तराजू होता. आत्मकथने शिकवताना हा कायद्याचा संदर्भ वर्गात यावा, असे आम्हाला वाटते. त्याशिवाय त्यांतील पोलीस आणि खरेदीदार ही पात्रे अर्धीच समजतात.

खापरखेड्याचे उदाहरण

आता गावाकडे वळू. नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या परिसरात खापरखेडा आहे. येथील औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे चार संच आणि 500 मेगावॉटचा एक संच, अशी 1340 मेगावॉटची क्षमता उभी राहिली. शेजारी सिल्लेवाडा येथे वेस्टर्न कोलफील्ड्सची खाण. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर कोळसा कामगाराला नियमित पगार आला, आणि नियमित पगार आला की उधारीलाही नियमित गिऱ्हाईक मिळते. आपल्याकडे या भागात 'गहाण' या शब्दापेक्षा 'गिरवी' हा शब्द अधिक कानी पडतो आणि 'भंगारवाला' या शब्दापेक्षा 'कबाडी' हा. हिंदी-मराठीच्या सीमेवरील औद्योगिक वस्तीची ही बोली आहे.

अशा गावात जुन्या वस्तूंचा अर्थच बदलतो. शेतीच्या गावात भंगार म्हणजे मोडका नांगर किंवा फुटकी बादली. विजेच्या गावात भंगार म्हणजे तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड. येथे कबाड्याच्या वजनकाट्यावर येणारी तार कोणाच्या घरची आहे की सरकारी वाहिनीवरची, हा प्रश्न तिच्या रूपावरून सुटत नाही. म्हणून संसदेने वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या वस्तूंसाठी वेगळे कायदे केले. 1950 साली तारायंत्राच्या तारांच्या बेकायदा ताब्यासंबंधी, 1966 साली रेल्वेच्या मालमत्तेसंबंधी, आणि 2003 च्या विद्युत अधिनियमात वीजवाहिनी व तिचे साहित्य यांची चोरी आणि अशा चोरीचा माल स्वीकारणे यासंबंधी. सरकारी तांब्याला असा तीन-तीन कायद्यांचा पहारा मिळाला. घरच्या तांब्याला मात्र त्यावर कोरलेल्या नावाचाच काय तो पहारा.

क्षेत्राची रेषा

परवान्याची आणखी एक अट वरवर किरकोळ दिसते. परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो आणि त्या क्षेत्राबाहेर धंदा करण्यास सावकार पात्र नसतो. खापरखेडा सावनेर तालुक्यात आणि काही किलोमीटरवरचे कोराडी कामठी तालुक्यात. दोन्हीकडे वीज केंद्र, दोन्हीकडे कामगार वस्ती, बाजार आणि नाती एकमेकांत मिसळलेली. गरज पडलेला माणूस तालुक्याची हद्द पाहून दुकान निवडत नाही. ओळख पाहून निवडतो.

या अटीचे वजन 2015 साली कळले. राज्य शासनाने विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे स्वतः फेडून गहाण सोडवून देण्याची योजना आखली. हेतू स्तुत्य होता. परंतु सावकाराने परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेले कर्ज प्रारंभी या योजनेत बसत नव्हते. ती अट पुढे शिथिल करावी लागली. म्हणजे नियमभंग केला सावकाराने आणि वगळला गेला शेतकरी. ज्याने मुळातच विनापरवाना माणसाकडून पैसे घेतले, त्याचा तर प्रश्नच नव्हता. पात्रतेचा नियम लिहिला धनकोसाठी, आणि अपात्र ठरला ऋणको.

'खापर फोडणे' हा आपला वाक्प्रचार येथे आठवल्याशिवाय राहत नाही. गावाच्या नावाशी त्याचा संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही; पण दोषाचे मडके कोणाच्या डोक्यावर फुटले, हे यापेक्षा नेमकेपणाने सांगणारा शब्दप्रयोग आम्हाला सुचत नाही.

2014 च्या अधिनियमाने विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच वर्षीच्या अधिसूचनेने शेतकऱ्यांना तारणी कर्जावर वार्षिक 9 टक्के व विनातारणी कर्जावर 12 टक्के, आणि इतरांना अनुक्रमे 15 व 18 टक्के अशी व्याजाची मर्यादा घातली. हे आकडे ऋणकोच्या बाजूचे आहेत, यात शंका नाही. परंतु ते त्यालाच उपयोगी पडतात, ज्याच्या हातात पावती आहे. आणि पावती त्यालाच मिळते, ज्याचा धनको परवानाधारक आहे. परवाना पाहून कर्ज घेण्याइतकी सवड ज्याला आहे, त्याला सहसा भांडे गहाण ठेवावे लागत नाही.

म्हणून आम्हाला असे वाटते की, सावकारी परवान्याच्या पुढील प्रत्येक दुरुस्तीत एकच कसोटी आधी लावावी. धनको अपात्र ठरला तर त्याचा तोटा कोणाला होतो? तोटा धनकोलाच होत असेल तर नियम नीट लिहिला गेला. तो गहाण ठेवणाऱ्या बाईला होत असेल, तर तिची वस्तू परत मिळणे हे तिच्या पावतीवर किंवा सावकाराच्या क्षेत्रावर अवलंबून ठेवू नये. भांड्यावर कोरलेले नाव, शेजाऱ्याची साक्ष, लग्नातला फोटो, हेही पुरावे मानले जावेत. दिवाणी संहितेने 1908 साली ज्या वस्तूंना हात लावू नये असे म्हटले, त्या वस्तूंच्या बाबतीत तरी एवढे करणे कायद्याला अवघड नाही.